युनियनच्या निवडणुकीची पत्रं टाकायची असतील तर फोंड्यातलं हे दुकान

चार तारे देतोय, पाच नाही. आणि हे तारे लग्नपत्रिका, बिलबुकं किंवा व्हिजिटिंग कार्डांना नाहीत. त्या कामांना इथे गोव्यात, फोंड्यात दुकानं पुष्कळ, इथल्यापेक्षा स्वस्तही मिळतील. मी लिहितोय ते दुकानाच्या मागच्या खोलीत होणाऱ्या कामाबद्दल. चारशे-पाचशे पाकिटं भरायची, लेबलं लावायची, तिकिटं डकवायची आणि गठ्ठे बांधून पोस्टात नेऊन द्यायचे. हे काम करून देणारा माणूस आता शोधावा लागतो, कारण सगळ्यांचं व्हॉट्सॲपवर भागतं.

आमचं भागलं नाही. मी बँकेतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना युनियनचं काम बरंच केलं, त्यामुळे निवडणूक आली की तालुक्यातल्या दोन-तीन संघटना मला निवडणूक अधिकारी म्हणून बोलावतात. मानधन नाही. चहा मिळतो, आणि निकालानंतर शिव्या. यंदाची निवडणूक कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या युनियनची. कारखान्याचं नाव देत नाही, युनियनचंही नाही. सभासद ४१२. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यावर फक्त ॲडमिनला लिहिता येतं, आणि ॲडमिन म्हणजे चालू समितीचा सेक्रेटरी. कारखान्याच्या आत पत्रकं वाटायला बंदी. गेटबाहेर वाटावीत तर शिफ्ट सुटल्यावर माणसं बस पकडायला धावतात आणि पत्रक गटारात जातं. मग उरलं घरी पत्र पाठवणं. घरी आलेलं पत्र बायको वाचते, म्हातारा बाप वाचतो, आणि मत कुणाला द्यायचं ते पुष्कळदा रात्रीच्या जेवणावर ठरतं.

भांडण पत्रावरूनच लागलं. अर्ज भरायला सुरुवात व्हायच्या आदल्या आठवड्यात चालू समितीने ‘वार्षिक अहवाल’ छापून सगळ्यांच्या घरी पाठवला. चार पानं. अध्यक्षांचा फोटो तीन ठिकाणी. एका फोटोत ते कुठल्याशा देवळाला पंखा भेट देतायत, त्याचा युनियनशी संबंध काय ते मला अजून उमगलेलं नाही. शेवटची ओळ अशी की ‘याच अनुभवी समितीला पुन्हा संधी द्यावी’. छपाईचे ३,४४० आणि तिकिटांचे २,०६० रुपये, दोन्ही युनियनच्या खात्यातून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या नव्या पॅनलची पोरं माझ्या बलकांवात (घरापुढच्या ओसरीवर) येऊन बसली. म्हणणं दोन गोष्टींचं. एक, हा खर्च त्यांच्याकडून वसूल करा. दोन, आम्हालाही सभासदांचे पत्ते द्या, आम्ही आमच्या पैशाने पत्र पाठवतो. अध्यक्षांनी हात वर केले. पत्ते म्हणजे खासगी माहिती, २०२३ चा डेटाचा कायदा आहे, यादी मिळणार नाही.

खरं तर यादीच्या बाबतीत अध्यक्ष अगदीच चुकीचे नव्हते. सभासदांची यादी ठेवायची आणि ती सभासदांना बघायला मिळेल अशी सोय नियमावलीत करायची, एवढं १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम ६ मध्ये होतंच. (तो कायदा आणि आणखी दोन मिळून २०२० ची औद्योगिक संबंध संहिता झाली.) पण बघायला मिळणं वेगळं आणि पेन ड्राइव्हवर घालून घरी न्यायला मिळणं वेगळं. पोरांचा हेतू चांगला असेल, पण त्यांच्यातल्या एकाचा भाऊ विमा एजंट आहे हे मला ठाऊक होतं.

माझी भाची मिरामारला कायदा शिकते. ती म्हणाली, ‘मामा, अमेरिकेत या भांडणालाच कायदा आहे.’ १९५९ चा, लँड्रम-ग्रिफिन नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४०१ प्रमाणे उमेदवाराने स्वतःच्या खर्चाने प्रचाराचं साहित्य सभासदांना पाठवायची वाजवी मागणी केली, तर युनियनला ती मानावीच लागते. एकाला जी सोय दिली ती दुसऱ्यालाही द्यायची. युनियनचा पैसा प्रचाराला वापरायचा नाही, मालकाचाही नाही. युनियनने पत्र पाठवायला नकार दिला तर उमेदवार मतदानाआधीच कोर्टात जाऊ शकतो. काही युनियनांत यादी बघायचाही हक्क आहे, निवडणुकीआधीच्या तीस दिवसांत एकदा. बघायची फक्त, उतरवून घ्यायची नाही. मग पत्रं जातात कशी? तर पुष्कळ ठिकाणी उमेदवार भरलेली पाकिटं एखाद्या त्रयस्थ मेलिंगवाल्याकडे देतो, युनियन यादी त्याच्याकडे देते, आणि दोघांची गाठ तिथेच पडते. उमेदवाराच्या हातात यादी येत नाही, आणि पदाधिकाऱ्यांच्या हातात उमेदवाराचं पत्र अडकून पडत नाही.

हे ऐकल्यावर मी असा त्रयस्थ शोधत फोंड्यात हिंडलो. दोन ठिकाणी सांगितलं, ‘लेबलं छापून देतो, चिकटवा तुम्ही.’ तिसरं हे दुकान. खाली ऑफसेटचं मशीन, वर जाळीच्या कपाटात जुन्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, खण अजून ठेवलेले. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला हे आम्ही शाळेत घोकलेलं. त्यातला एखादा खिळा इथे सापडला तर मला नवल वाटणार नाही. मालक साठीचे, कमी बोलतात. कॉम्प्युटरवर त्यांची बायको बसते, गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणतात आणि दुकान खरं तीच चालवते.

पहिल्या भेटीत मी अटी सांगितल्या. दोन्ही पॅनलची पाकिटं एकसारखी, साधी खाकी, युनियनचं बोधचिन्ह नको. लेबलं दोघांच्या प्रतिनिधींसमोर छापायची. पत्रं एकाच दिवशी एकाच वेळी पोस्टात. बिलं दोन, ज्याची त्याला. आणि लेबलं छापून झाली की यादी तिथल्या तिथे पुसून टाकायची. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘भाऊ, कागद कुठला?’

मला वाटलं छपाईचा भाव काढतायत. नव्या पॅनलच्या पोराने ऐटीत १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम भरणारा) आर्ट पेपर सांगितला, ए-थ्री, घडी घातलेला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला रोमी लिपीतली कोंकणी, कारण सभासदांत सासष्टीकडची माणसं बरीच. मालकांनी कोऱ्या आर्ट पेपरची तशी घडी घातली, खाकी पाकिटात सरकवली, वर एक लेबल आणि तिकीट ठेवलं आणि सोनारासारख्या छोट्या काट्यावर ठेवून दिलं. २१ ग्रॅम. काट्याकडे बोट करून म्हणाले, ‘पाच रुपयांचं तिकीट वीस ग्रॅमपर्यंत. हे नॉटपेड जाणार.’ नॉटपेड म्हणजे कमी पडलेल्या तिकिटाचा दंड पत्र घेणाऱ्याने भरायचा. मत मागायला गेलेलं पत्र, आणि दारात पोस्टमन मतदाराकडेच पैसे मागतोय! पोरगा गप्प बसला. कागद १०० जीएसएमवर आला, पाकीट १७ ग्रॅमवर. दुसऱ्या कुठल्याही दुकानाने १३० चा कागद विकून वरचे पैसे खिशात घातले असते. माझ्या दृष्टीने एक अख्खा तारा या काट्याचा.

दुसरा वहिनींचा. चालू समितीचा मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला होता आणि युनिकोडमध्ये आणताना रफार सगळे उडाले. ‘कार्यकर्त्यांनो’चं ‘कायकत्यांनो’ झालं, ‘वर्षभरात’चं ‘वषभरात’, आणि ‘अर्ज’चं ‘अज’. समितीने प्रूफ न वाचता सही करून पाठवलं होतं. वहिनींना ते तसंच छापता आलं असतं, सही होतीच. त्यांनी फोन करून माणूस बोलावला, शेजारी बसवला आणि ओळ न् ओळ दुरुस्त केली. नव्या पॅनलचा पोरगा त्याच वेळी आत आला, तर त्यांनी बोलता बोलता प्रूफाचं पान उलटं घातलं. दोन दिवसांनी समितीच्या माणसाने ‘त्या लोकांचं पत्र कसं झालंय, जरा बघू’ म्हणून हात पुढे केला, तेव्हाही पान उलटंच. त्याला चहा दिला, पान नाही. निवडणुकीच्या काळात असं तोंड आणि असा कागद मिटून ठेवणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता तारखेचं भांडण. युनियनच्या नियमावलीत म्हटलंय की उमेदवारांची अंतिम यादी लागल्याशिवाय प्रचार करायचा नाही. अंतिम यादी लागणार होती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी. चवथ आली की आमच्याकडे माणूस कामाच्या जागी राहत नाही. कुंडईत, फोंड्यात भाड्याने राहणारे सत्तरी, पेडणे, काणकोण, सावंतवाडीकडे आपापल्या मूळ घरी जातात. माटोळी (गणपतीच्या वरची फळा-पानांची सजावट) बांधायची, पाच दिवस, कुणाचे सात. भाड्याच्या खोलीत पत्र पडलं तर ते माणूस परतल्यावर वाचणार, आणि अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या रविवारी मतदान. नव्या पॅनलने अर्ज दिला की आमची पत्रं अंतिम यादीची वाट न बघता आधीच्या आठवड्यात जाऊ द्या. समिती म्हणाली, नियम म्हणजे नियम. त्यांचा ‘अहवाल’ आधीच घरोघरी पोचला होता, तेव्हा नियम त्यांना सोयीचाच होता.

भाचीने मला १९९१ चा एक निकाल सांगितला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा. जहाजांच्या कप्तानांची आणि अधिकाऱ्यांची युनियन होती, मास्टर्स, मेट्स अँड पायलट्स. ब्राउन नावाच्या उमेदवाराने अधिवेशनात नामांकन व्हायच्या आधीच सभासदांना पत्रं पाठवायची म्हणून लेबलं मागितली. युनियनचा नियम आमच्यासारखाच, अधिवेशनाआधी पत्रं पाठवायची नाहीत. कोर्टाने ब्राउनच्या बाजूने निकाल दिला. भाचीने ते मला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावलं. ‘मामा, युनियनचा नियम वाजवी आहे का हा तिथे प्रश्नच नाही. उमेदवाराची मागणी वाजवी आहे का, एवढंच बघायचं.’ खुर्चीवर बसलेल्याला सभासदांपर्यंत पोचायचे रस्ते एरवीही मोकळे असतात, समोरच्याला नसतात, तो विचार यामागे. मला गंमत वाटली ती जहाजांची. आमच्या घरात दोन पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, झाल्या. घरचं पत्र बंदरावर दीड महिना पडून राहणं म्हणजे काय ते माझ्या आईला विचारायला हवं होतं.

अमेरिकेचा कायदा इकडे लागत नाही हे मलाही कळतं. अध्यक्षांनी ऐकवलंच, ‘साहेब, आम्ही कुंडईत राहतो, न्यूयॉर्कात नाही.’ मी म्हटलं, बरोबर, आणि न्यूयॉर्कात चवथीला गावी जात नाहीत. दोन्ही पॅनलना आधीच्या शुक्रवारी पत्रं टाकायची परवानगी दिली. ‘अहवाला’च्या चार पानांतली दोन हिशेबाची होती, दोन प्रचाराची, म्हणून एकूण ५,५०० रुपयांतले निम्मे, म्हणजे २,७५० समितीच्या सदस्यांनी स्वतःच्या खिशातून युनियनच्या खात्यात भरून पावती दाखवावी असा आदेश लिहिला. भाचीच्या मते मी फार मऊ वागलो, सगळेच घ्यायला हवे होते. अध्यक्षांच्या मते कागदाचं निम्मं पान कुणी परत करत नाही. पैसे मात्र भरले.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला आम्ही सगळे दुकानात. (साडेतीनच का, तर दुकान सव्वा ते साडेतीन बंद असतं. पाटी नाही. पहिल्या खेपेला मी ऑगस्टच्या पावसात शटरसमोर उभा होतो.) यादी मी स्वतः पेन ड्राइव्हवर आणली होती, पिनकोडप्रमाणे लावलेली. पिनकोड लावलेली यादी म्हणजे निम्मं काम, कारण आपल्याकडे नुसतं गावाचं नाव लिहून चालत नाही. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. शिरोडा आमच्या तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्याकडेही आहे. पिन ४०३ ने सुरू होतो की ४१६ ने, त्यावर पत्र गोव्यात राहणार की सिंधुदुर्गात जाणार ते ठरतं. सभासद ४१२, शिवाय शेवटी माझा स्वतःचा पत्ता घातला, म्हणजे दोन्ही पत्रं माझ्या घरी कधी पोचतात ते कळेल. यूपीसीचा, म्हणजे पत्र टाकल्याच्या दाखल्याचा, शिक्का पूर्वी मिळायचा, ती सोय २०११ पासून बंद झाली, तेव्हा साधी पत्रं कधी पोचली याला माझ्यापुरता पुरावा हाच. एकूण ४१३.

एका पानावर चोवीस लेबलं. सतरा पानं पूर्ण भरली आणि अठराव्यावर पाच, चार सिंधुदुर्गातली आणि पाचवं माझं. असे दोन संच. छापून झाल्यावर वहिनींनी माझ्यासमोर फाइल पुसली, रिसायकल बिनमधूनही. मी खूश. पेन ड्राइव्ह मी युनियनच्या माणसाकडे दिला, तो ऑफिसला कुलूप लावून गावी निघून गेला.

मागच्या खोलीत वेगळीच तऱ्हा होती. पावसाळ्यात डिंकाची पाकिटं आपोआप चिकटतात, रिकामीच. मालकांनी लाकडाच्या खोक्यात एक जुना पिवळा बल्ब लावून त्यावर जाळी घातलीय, पाकिटं तिथे शेकत असतात, पापडासारखी. दोन मुली लेबलं लावत होत्या, तिसरी तिकिटं. स्पंज नाही, एका वाटीत ओला कापूस. हात असे चालतात की बघत बसावं. दोन्ही गठ्ठ्यांना एकच मुलगी तिकिटं लावत होती, आळीपाळीने पन्नास-पन्नास, म्हणजे एकाचं आधी आणि दुसऱ्याचं घाईत असं व्हायला नको. हे मी सांगितलेलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं.

मग मालकांनी मोठा काटा काढला. ते पाकिटं मोजत नाहीत, तोलतात. दहा पाकिटांचं वजन घ्यायचं, त्यावरून एकाचं, मग सगळ्या गठ्ठ्याचं. समितीचा गठ्ठा बरोबर आला. नव्या पॅनलचा ७ किलो २१ ग्रॅम यायला हवा होता, तो आला ६ किलो ९३५. मालकांनी पुन्हा ठेवला. तेच. कागदावर भागाकार केला आणि म्हणाले, ‘पाच कमी.’

अठरावं पान. दुसऱ्या संचाचं शेवटचं पान कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नाही. मशीनच्या ट्रेमध्ये नाही, कचऱ्यात नाही, वहिनींच्या डब्याखालीही नाही. पुन्हा छापावं तर फाइल माझ्याच अटीप्रमाणे पुसलेली आणि मूळ यादी कुलपात. नव्या पॅनलच्या पोराचा चेहरा लाल. बरोब्बर सिंधुदुर्गातलेच चार, आणि ते आमचे मतदार, असं तो म्हणायला लागला. समितीचा माणूस काही बोलला नाही पण घड्याळाकडे बघत होता. पोस्टाची खिडकी बंद व्हायला पाऊण तास.

मालक शांतपणे म्हणाले, ‘त्या गठ्ठ्यातली शेवटची पाच वर आहेत. त्यावरून हाताने लिहा.’ सोपा उपाय. मी पेन काढलं, समितीच्या पाकिटांवरचे पत्ते बघून नव्या पॅनलच्या पाच पाकिटांवर लिहायला लागलो. तिसऱ्या पाकिटाला समितीच्या माणसाने अडवलं. हाताने लिहिलेलं पाकीट माणूस आधी उघडतो, म्हणाला. छापील लेबलाचं वाटतं बँकेचं नाहीतर विम्याचं, ते फ्रिजवर पडून राहतं. हे असमान झालं.

मला राग आला, आणि राग आला कारण तो बरोबर बोलत होता. मलाही हाताने लिहिलेलं पाकीट आलं तर मी चष्मा न शोधता फाडतो. मग समितीचीही तीच पाच पाकिटं बाजूला काढली, नवी कोरी घेतली, आतला मजकूर त्यात घातला, नवी तिकिटं लावली (पंचवीस रुपये मी दिले, त्यावरून तिसरं भांडण नको) आणि ती पाचही माझ्याच हाताने लिहिली. एकूण दहा पत्ते. सावंतवाडी दोनदा, शिरोडा दोनदा, आणि दोन पाकिटांवर माझंच नाव माझ्याच अक्षरात. निळं पेन संपत आलं तर वहिनींनी दोघांसाठी काळं दिलं, आणि मग आधीची तीन पुन्हा काळ्याने लिहायला लावली. हे मात्र मला अती वाटलं. लिहिली मी.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना दोन्ही गठ्ठे आत गेले. सोमवारी दुपारी माझ्या घरी दोन पाकिटं एकदम पडली, एकावर एक. पत्रांबद्दल त्यानंतर एकही लेखी तक्रार माझ्याकडे आली नाही. निकाल काय लागला ते दुकानाच्या परीक्षणात सांगायचं कारण नाही.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. लेबल लावणं, तिकीट लावणं, पोस्टात नेणं मिळून दर पाकिटाला पावणेदोन रुपये. एका पॅनलच्या ४१३ पाकिटांचे ७२२ रुपये ७५ पैसे झाले, ७२५ दिल्यावर दोन रुपये परत मिळाले. छपाई, पाकिटं आणि तिकिटं वेगळी. यूपीआय चालतं, पण वहिनींच्याच फोनवर, आणि त्या जेवायला गेल्या की रोखच. गाडी लावायला जागा नाही. स्कूटरही पुढच्या गल्लीत लावावी लागते. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागितलं तर सगळं एका ओळीत, ‘छपाई व पोस्ट’ असं. दोन पॅनलच्या खर्चाचा हिशेब मला हवा होता, तो मी स्वतः पुन्हा फोड करून लिहून घेतला. निवडणुकीचं काम घेणाऱ्या दुकानाने हे आपणहून द्यायला हवं. रोमी कोंकणीचं प्रूफ वाचणारं दुकानात कुणी नाही. ते आपलं आपण वाचून न्यावं, नव्या पॅनलच्या पत्रकात तीन चुका तशाच छापून गेल्या. आणि यादी पुसायची अट घालणार असाल तर गठ्ठे तोलून झाल्यावर पुसायला सांगा, आधी नाही. ती चूक दुकानाची नव्हे, माझी. पान हरवलं ती त्यांची.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. पान सापडलं. पेपर कटरच्या खाली, पाटाखाली सरकलं होतं. ते मला पाठवून देऊ शकले असते किंवा जाळूनही टाकू शकले असते. म्हणाले, ‘दोन्हीकडच्या माणसांना घेऊन या, त्यांच्यासमोर फाडतो.’ विसर्जनानंतर आम्ही तिघे गेलो. लेबलांचं पान नीट फाडता येत नाही, बोटांना चिकटतं. समितीच्या माणसाच्या अंगठ्याला सावंतवाडीचं निम्मं लेबल चिकटून राहिलं, ते नव्या पॅनलच्या पोराने नखाने काढून दिलं. वहिनींनी डब्यातून नेवऱ्या काढल्या. नेवरी खाताना समितीच्या माणसाने मालकांना हळूच विचारलं, मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, तीनशे पत्रिकांना काय घ्याल. मालकांनी काट्याकडे बघत विचारलं, ‘पोस्टाने पाठवणार की हाताने देणार?’